वसुलीवाल्यांचा फोन आणि नादारीचा हक्क

पगार सात तारखेला होतो आणि वीस तारखेच्या आत संपतो. उरलेले दहा-बारा दिवस कसे काढायचे, हा प्रश्न तुळिंजमध्ये घरोघरी आहे. पूर्वी त्याचे उत्तर कोपऱ्यावरचा वाणी होता, भिशी होती, कामावरचा एखादा जिवाभावाचा सहकारी होता. आता ते उत्तर खिशातल्या मोबाईलमध्ये येऊन बसले आहे. आधार नंबर टाका, पॅन टाका, सेल्फी काढा, पाच मिनिटांत पैसे खात्यात! ना जामीन, ना कुणापुढे हात जोडणे. ज्याच्या बापजाद्यांना सावकाराच्या ओट्याखाली उभे राहून चार रुपये मागावे लागले, त्याला हे फार सोयीचे वाटते. त्याबद्दल आम्ही त्याला दोष देणार नाही.

तुळिंज म्हणजे नालासोपारा स्टेशनच्या पूर्वेची वस्ती. मुंबईतल्या चाळी सुटल्या, झोपडपट्ट्या तुटल्या, भाडी परवडेनाशी झाली, तसतसे आमचे लोक विरार लाईनने वर सरकत गेले. अंधेरी-गोरेगावच्या ऑफिसात हाऊसकीपिंग, सोसायटीच्या गेटवर वॉचमन, मॉलमध्ये सेल्समन, नाहीतर पाठीवर पिशवी टाकून घरपोच डिलिव्हरी. पहाटेची लोकल आणि रात्रीची लोकल यांच्यामध्ये बसवलेले हे आयुष्य. दर अकरा महिन्यांनी भाड्याचा करार संपतो, नवे डिपॉझिट उभे करावे लागते. जूनमध्ये शाळेची फी. त्यातच कुणी आजारी पडले की संपलेच. बचत नावाची गोष्ट नसलेल्या घरात कर्ज हे चैनीसाठी घेतले जात नाही, हे आधी समजून घेतले पाहिजे.

वर संकटेही अशी आली की माणसाने कितीही काटकसर केली असती तरी उपयोग नव्हता. २०२० च्या मार्चमध्ये लोकल बंद झाली. २२ जुलै २०२० रोजी याच नालासोपारा स्टेशनवर प्रवासी रुळांवर उतरले, एस. टी. च्या बस मिळत नव्हत्या आणि कामावर न गेल्यास नोकरी जात होती. लशीचे दोन डोस घेतलेल्या सर्वसामान्यांना लोकलचे दार उघडले ते १५ ऑगस्ट २०२१ ला. मधल्या सतरा महिन्यांत किती घरांचा पगार बुडाला याचा हिशेब कुणी मांडला? पुढे २०२५ च्या सुरुवातीला नालासोपारा पूर्वेच्या अग्रवाल नगरीत ४१ अनधिकृत इमारतींवर बुलडोझर चालला, सुमारे अडीच हजार कुटुंबे रस्त्यावर आली. सांडपाणी प्रकल्प आणि कचराभूमीसाठी राखीव असलेल्या जमिनीवर इमारती उभ्या राहताना सगळी यंत्रणा झोपली होती. जागी झाली ती लोक राहायला आल्यावर. घर जमीनदोस्त झाले म्हणून घरासाठी काढलेले कर्ज काही जमीनदोस्त होत नाही.

आमच्याकडे आलेल्या एका बांधवाची हकीकत सांगतो. नाव लिहीत नाही, कंपन्यांचीही नावे लिहीत नाही. हाऊसकीपिंगच्या कंत्राटात पगार १७ हजार. मुलीच्या दवाखान्यासाठी एका ॲपवरून ८,००० रुपयांचे कर्ज मागितले. खात्यात जमा झाले ५,२००. बाकीचे २,८०० ‘प्रोसेसिंग फी’ म्हणून आधीच कापलेले. परतफेड मात्र पूर्ण ८,००० ची, आणि मुदत सात दिवस! सातव्या दिवशी पैसे नव्हते म्हणून दुसरे ॲप, दुसऱ्यासाठी तिसरे. चार महिन्यांत अकरा ॲप झाली. बायकोचे गंठण गहाण पडले. मागणी १ लाख ४० हजारांवर गेली.

मग फोन सुरू झाले. सकाळी साडेसहाला, रात्री अकराला, दिवसाला पन्नास-साठ. ॲप घेताना ‘परवानगी द्या’ या बटणावर बोट पडले होते, त्यातून फोनमधले सगळे नंबर त्यांच्या हाती गेले होते. मेव्हण्याला फोन गेला, सुपरवायझरला गेला, विहाराच्या अध्यक्षांना गेला, मुलीच्या वर्गशिक्षिकेला गेला. त्याच्या फोटोखाली ‘चोर’ असे लिहून तो सगळ्यांना पाठवला. आडनावावरून जात ओळखून जी भाषा वापरली, ती आम्ही इथे छापणार नाही. शेवटी एक बनावट कागद आला, वर अशोकस्तंभ, खाली शिक्का: ‘अटक वॉरंट’. तो कागद घेऊन हा बांधव आमच्याकडे आला आणि म्हणाला, “साहेब, मला दिवाळखोर म्हणून जाहीर व्हायचंय. ते कुठं करतात?”

हा प्रश्न आम्हाला फार महत्त्वाचा वाटला. त्याच्या जागी दुसऱ्याने काय केले असते हे आपण वर्तमानपत्रात वाचतोच. मुंबईच्या एका उपनगरात २०२२ साली अशाच बदनामीला कंटाळून एकाने जीव दिला. तेलंगणात २०२० साली अशा आत्महत्यांची मालिकाच झाली. आमचा बांधव मरायला निघाला नाही, कायदा विचारायला निघाला.

आधी व्याजाचा हिशेब करू. ५,२०० रुपयांवर सात दिवसांत २,८०० म्हणजे वर्षाला सुमारे २,८०० टक्के! एखादे नोंदणीकृत ॲप ‘फक्त दिवसाला एक टक्का’ म्हणते तेव्हा तेही वर्षाला ३६५ टक्के असते. जुन्या मुंबईत गिरणी कामगारांना आणि सफाई कामगारांना कर्ज देणारा पठाण काठी घेऊन पगाराच्या दिवशी गेटवर उभा राहायचा. १९३१ साली व्हिटले आयोगाने मजुरांच्या स्थितीवर अहवाल दिला. त्यात नेहमीचा दर म्हणून नोंदवला आहे तो रुपयाला महिन्याला एक आणा, म्हणजे वर्षाला ७५ टक्के. ज्याच्या नावाने आजी आम्हाला भीती घालायची तो पठाण आजच्या ॲपपुढे धर्मात्मा ठरावा! त्याच आयोगाने शिफारस केली होती की वसुलीसाठी कामाच्या जागेला घेरा घालणे हा फौजदारी गुन्हा ठरवावा. पठाण गेटवर उभा राहत होता. आताचा वसुलीवाला सुपरवायझरच्या, मेव्हण्याच्या आणि वर्गशिक्षिकेच्या खिशात शिरतो.

आता त्या ‘वॉरंट’चे. कर्ज न फेडता येणे हा दिवाणी मामला आहे. त्यासाठी पोलीस अटक करीत नाहीत, आणि वॉरंट व्हॉट्सॲपवर वसुली एजंट पाठवीत नाही. १८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले, दख्खनचे दंगे पेटले. त्यानंतर १८७९ चा कायदा आला आणि पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणे बंद झाले. १९८० साली जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की ऐपतच नसलेल्या प्रामाणिक कर्जदाराला तुरुंगात पाठवता येत नाही. हुकूमनामा झाला तरी दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ६० वाचावे. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण, कारागिराची हत्यारे जप्त होत नाहीत. मजुराची आणि घरकामगाराची मजुरी जप्त होत नाही. पगारदाराचे पहिले एक हजार रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुरक्षित. बाप मेला तर मुलाने फेडावे, ही धमकीही खोटी. वारसावर जबाबदारी येते ती वारशात मिळालेल्या मालमत्तेपुरतीच.

एका ठिकाणी मात्र खरा धोका आहे आणि तो लपवून चालणार नाही. सहीचा चेक दिला असेल आणि तो परत गेला, तर परक्राम्य संलेख कायद्याचे कलम १३८ लागते. बँकेतून आपोआप हप्ता कापण्याचा आदेश परत गेला तर २००७ च्या पेमेंट कायद्याचे कलम २५ लागू शकते. दोन्हींत दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तेव्हा वकिलाची नोटीस आली तर ती कपाटात टाकू नये, पंधरा दिवसांची मुदत असते, वकील गाठावा.

वसुलीवाल्यांसाठी रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत. १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकाने सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीचे फोन करायला मनाई केली. धमकी, शिवीगाळ, चारचौघांत बदनामी, नातेवाईक-मित्रांना त्रास, सगळ्याला मनाई. त्याच वर्षीच्या सप्टेंबरपासून कर्ज देणाऱ्या ॲपने फोनमधले नंबर आणि फोटो उचलायलाही मनाई. बायकांच्या गटाला मिळणाऱ्या मायक्रोफायनान्सच्या कर्जात तर हप्त्याची जागा ठरलेली असते, आणि कर्जदार बाई दोन वेळा तिथे आली नाही तरच घरी जाता येते. तुळिंजच्या चाळीत हप्त्याच्या दिवशी दारात ठाण मांडून बसणाऱ्या किती जणांना हे माहीत आहे? त्यांना माहीत असते. आमच्या ताईंना माहीत नसते, आणि सगळा धंदा या फरकावर चालतो.

पण हे नियम नोंदणीकृत कंपन्यांचे. रिझर्व्ह बँकेच्याच कार्यगटाने २०२१ साली अकराशेच्या आसपास ॲप तपासली, त्यातली सहाशे बेकायदा निघाली! त्यामुळे पहिले काम हे की कर्ज कुणाचे आहे ते शोधणे. नोंदणीकृत ॲपची यादी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर जुलै २०२५ पासून आहे. यादीतला असेल तर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी, तीस दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. यादीतला नसेल तर तो महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ खाली विनापरवाना सावकार आहे. विनापरवाना सावकारीला पाच वर्षांपर्यंत कैद आहे आणि असा सावकार कोर्टातून हुकूमनामा मिळवू शकत नाही. फोटो बिघडवून पाठवणे, खंडणीसारखी धमकी देणे, हे सरळ गुन्हे; १९३० या सायबर हेल्पलाईनवर आणि पोलीस ठाण्यात तक्रार द्यायची. ‘पैसे घेतलेत ना, मग भरा’ असे सांगून परत पाठवले तर लेखी अर्ज देऊन पोच मागायची. ती मागायला आम्ही कचरत नाही, मागायची सवय बाबासाहेबांनी लावली आहे.

जातिवाचक शिवीबद्दल कार्यकर्त्यांनी एक बारकावा ध्यानात ठेवावा. ॲट्रॉसिटी कायद्यात अपमान लोकांच्या नजरेसमोर झालेला असावा लागतो. २०२० साली हितेश वर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने चार भिंतींच्या आत, बाहेरचा कुणी नसताना झालेल्या शिवीगाळीला हे कलम लागत नाही असे म्हटले. म्हणून फोनवरच्या शिवीचे रेकॉर्डिंग जपावेच, पण एजंट चाळीच्या गॅलरीत उभा राहून बोलला तर शेजाऱ्यांची नावे त्याच दिवशी लिहून घ्यावीत.

आता त्या बांधवाच्या मूळ प्रश्नाकडे. ‘दिवाळे’ हा शब्दच शिवीसारखा आहे. दिवाळे निघालेला व्यापारी भरदिवसा दुकानात दिवा लावून बसे, त्यावरून तो आला असे सांगतात. कायद्याच्या मराठीत शब्द आहे ‘नादार’. नादार म्हणजे ज्याच्याकडे नाही तो. एवढाच अर्थ. मुंबई शहरासाठी १९०९ चा कायदा, मुंबईबाहेर १९२० चा प्रांतिक नादारी कायदा. ज्याचे कर्ज पाचशे रुपयांहून कमी नाही आणि जो ते फेडू शकत नाही, तो जिल्हा न्यायालयात स्वतः अर्ज करू शकतो. नादार ठरवल्यावर एकेका सावकाराला कोर्टाच्या परवानगीशिवाय वेगळा दावा लावता येत नाही, अटकेपासून संरक्षण मागता येते, आणि पुढे न्यायालय मुक्ततेचा हुकूम देऊ शकते. मालमत्ता रिसीव्हरच्या ताब्यात जाते, पण कलम ६० मध्ये सुरक्षित असलेल्या वस्तू जात नाहीत. प्रॉव्हिडंट फंड खात्यात आहे तोवर त्यावर रिसीव्हरचाही हक्क नाही. तसे प्रॉव्हिडंट फंडाच्या कायद्यातच लिहिले आहे.

तरीही आम्ही त्याला लगेच अर्ज करायला सांगितले नाही. त्याची कारणे आहेत. अर्जात प्रत्येक सावकाराचे नाव-पत्ता द्यावा लागतो. अकरापैकी सात ॲपना पत्ताच नाही! ज्याला पत्ता नाही त्याला कोर्टाची नोटीस बजावणार कुठे? अशा भुतांसाठी नादारी हवी कशाला, ती स्वतःच कोर्टात पाय ठेवू शकत नाहीत. त्यांच्यासाठी पोलीस तक्रार, नंबर बदलणे, आणि ओळखीच्या सगळ्यांना आपणच आधी मेसेज करणे: माझा फोन फसवणुकीत सापडला आहे, काही आले तर उघडू नका. बदनामीची धार निम्मी तिथेच बोथट होते. उरलेल्या चार कंपन्यांचे मुद्दल मिळून ४६ हजार होते. १७ हजारांच्या पगारात हप्ता पाडून मागण्यासारखी ती रक्कम आहे. त्यासाठी कोर्टात वर्षे घालवणे आणि वकिलाची फी भरणे परवडणारे नाही. शिवाय मुक्तता मिळेपर्यंत पन्नास रुपयांची उधारीसुद्धा आपण नादार आहोत हे सांगितल्याशिवाय घेता येत नाही. घेतली तर तो गुन्हा. आमदारकी-खासदारकीला उभे राहता येत नाही. जामीनदार सुटत नाही, गटातली दुसरी बाई सुटत नाही. फसवून घेतलेले कर्ज तर मुळीच सुटत नाही.

ज्याचे कर्ज खरोखर डोक्यावरून गेले आहे, ज्याचे घर अग्रवाल नगरीत पडले आणि वर बँकेचे लाखो रुपये उभे आहेत, त्याने मात्र वकिलाशी या कायद्याबद्दल जरूर बोलावे. लाजायचे कारण नाही.

सावध राहायचे ते ‘लोन सेटलमेंट’च्या नव्या दुकानांपासून. ‘आम्ही कर्ज निम्म्यात मिटवतो, तुम्ही हप्ते थांबवा, आमची फी भरा’ अशी जाहिरात असते. फी जाते, हप्ता थकल्याचा दंड वाढतो, आणि दुकान पुढच्या महिन्यात बंद. आमचा बांधव तिथेही ४ हजार घालवून बसला होता.

२०१६ साली देशात नवी नादारी आणि दिवाळखोरी संहिता आली. तिच्यात गरिबासाठी ‘नवी सुरुवात’ नावाचे प्रकरण आहे: वर्षाचे उत्पन्न ६० हजारांपर्यंत, मालमत्ता २० हजारांपर्यंत, कर्ज ३५ हजारांपर्यंत आणि स्वतःचे घर नाही, अशाचे कर्ज माफ व्हावे. महिन्याला पाच हजार कमावणारा! तुळिंजमध्ये एवढ्यात खोलीचे भाडे निघत नाही. आणि एवढे कंजूष प्रकरणसुद्धा कागदावरच राहिले. व्यक्तींसाठीचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून लागू केला तो फक्त कंपन्यांच्या वैयक्तिक जामीनदारांपुरता. कंपन्यांचे दार मात्र सताड उघडे. अलोक इंडस्ट्रीजवर कर्ज देणाऱ्यांचे सुमारे २९,५०० कोटींचे दावे होते, २०१९ साली ते सुमारे ५ हजार कोटींत मिटवले गेले. त्या चोवीस हजार कोटींसाठी कुणाच्या मुलीच्या वर्गशिक्षिकेला फोन गेला नाही.

गरिबाचे कर्ज माफ करता येत नाही असे नाही. महाराष्ट्राने १९७५ साली ऋणमुक्तीचा कायदा करून लहान शेतकरी, भूमिहीन आणि कामगारांची सावकारी कर्जे रद्द केली. सावकार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९७७ साली हरले. वेठबिगारीच्या १९७६ च्या कायद्याने त्या मजुरांच्या डोक्यावरचे कर्जच संपवले. राज्य सावकारी कायदा रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या कंपन्यांना लागत नाही असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली ठरवले आहे, तेव्हा ३६५ टक्क्यांना लगाम घालण्याची जबाबदारी दिल्लीची आहे. आमच्या पक्षांच्या नेत्यांनी, जे गट-तट असतील त्या सगळ्यांनी, ही मागणी कधी जाहीरनाम्यात घातली आहे काय?

सोपाऱ्याचा स्तूप तुळिंजपासून स्टेशनच्या पलीकडच्या बाजूला आहे. तिथे सहलीने जाणाऱ्यांनी अंगुत्तर निकायातले इण सुत्त वाचावे. दारिद्र्य, त्यातून कर्ज, त्यावर व्याज, मग तगादा, मग पाठलाग, शेवटी बंधन, या क्रमाने तथागतांनी गरीब माणसाचे दुःख सांगितले आहे. तगादा आणि पाठलाग ही दोन दुःखे त्यांनी वेगळी मोजली आहेत. ज्याचा फोन दिवसाला साठ वेळा वाजतो त्याला हा फरक समजावून सांगावा लागत नाही.

आमच्या बांधवाच्या फोनवर ज्यांना शिवीगाळ ऐकावी लागली त्या विहाराच्या अध्यक्षांनी एक काम चांगले केले. त्याला झापले नाही. रविवारी वंदनेनंतर एक टेबल मांडले, कॉलेजातली दोन मुले वही घेऊन बसवली आणि जाहीर केले की ज्याच्या घरी वसुलीचे फोन येतात त्याने यावे, नाव बाहेर जाणार नाही. पहिल्या रविवारी तिघे आले, चौथ्या रविवारी एकोणीस. त्यात बायका अकरा. मुले प्रत्येकाचे कर्ज लिहून घेतात: हातात किती आले, किती भरले, कंपनी यादीत आहे की नाही, चेक दिला आहे की नाही. चेक दिलेल्यांना आधी वकिलाकडे पाठवतात.

वकिलाचे पैसे कोण देणार असे विचारतात. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तीला आणि कोणत्याही स्त्रीला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. धर्मांतरित बौद्धांना अनुसूचित जातीचा दर्जा १९९० पासून आहे, तो दाखला बरोबर ठेवावा. वसईच्या न्यायालयात विधी सेवा समितीकडे अर्ज करावा, नाहीतर १५१०० या नंबरवर फोन करावा. ज्याच्या मनात जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार येतो त्याच्यासाठी १४४१६ हा टेलीमानसचा नंबर आहे, तो फुकट आहे आणि मराठीत बोलतात. अर्जासोबत पगाराची स्लिप, सहा महिन्यांचे बँक स्टेटमेंट आणि मेसेजचे स्क्रीनशॉट लागतात. रागाच्या भरात फोनमधले मूळ मेसेज पुसू नयेत. पुरावा तोच आहे.